प्रेबेनची चाल

४ मार्च

नाही घेतला कॉम्प्युटर! पाऊण तास दुकानात उभी राहिले, डेस्कटॉप आणि लॅपटॉप, दोन्ही मशीन्स चालू करायला लावली, आणि हात हलवत घरी आले.

सेनाद म्हणाला, "गुनवोर, आधी तू ठरव, तुला नक्की करायचंय काय?" मी म्हटलं, "एका माणसाची जिरवायचीये. त्याला कुठलं मशीन लागतं ते दाखव." तो पोट धरून हसला. विनोद वाटला त्याला.

सेनादचं कॉम्प्युटरचं दुकान स्टेशनाला लागून. आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओतली सगळी मशीन्स त्यानेच बसवली होती. 'आमच्या' म्हणायची सवय जात नाही — प्रेबेनच्या स्टुडिओतली! त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं, आणि तोंड बंद राहत नाही. आज न विचारताच सांगून टाकलं : प्रेबेनने गेल्याच आठवड्यात नवे डेस्कटॉप नेले. मोठ्यातले मोठे. एका बाजूला काच, आत निळे दिवे.

निळे दिवे! शोभतं त्याला.

माझ्या बाबतीत मात्र सेनादचं धड एक मत नाही. आधी म्हणे, "तुझं काम म्हणजे पक्षी. पिसं. पिसं म्हटलं की डेस्कटॉपच. लॅपटॉपवर पिसं करायची म्हणजे कॉफीच्या किटलीत बटाटे उकडायचे." मग मी डेस्कटॉपला हात लावल्यावर म्हणे, "पण तू तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझी कंबर गेलेली. लॅपटॉप बघ ना, पिशवीत टाकला की चाललीस!"

विकणारा आहे की वैरी, कळत नाही.

५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी मनगट बघितलं. "छान भरून आलंय. पण वाकून, आखडून काम करायचं नाही. हात टेबलावर, स्क्रीन डोळ्यांसमोर." म्हणजे त्यांचंही मत डेस्कटॉपला.

छान भरून आलंय. हो. मनगट भरून आलं, बाकीचं काय?

एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा मनात घोळवायला नको. प्रेबेन होल्क आणि मी. दोघांनी मिळून काढलेला स्टुडिओ, स्वेनबोर बंदरावरच्या जुन्या धान्याच्या गोदामात. पक्षी मी काढायचे, हलवायचे. माणसांशी गोड तो बोलायचा. मनगटाच्या ऑपरेशनसाठी मी उन्हाळाभर सुट्टीवर गेले. परत आले तर माझ्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट! कोपनहेगनहून पैसेवाले भागीदार आले होते. प्रेबेन खिडकीकडे बघत म्हणाला, "कंपनी आता वेगळ्या दिशेने चाललीये."

"आणि बगळा?" मी विचारलं.

"बगळा कंपनीचा आहे, गुनवोर. करारावर सही तुझीच आहे."

सही माझीच आहे. त्या वेळी कंपनी म्हणजे आम्ही दोघंच होतो — मी काय वाचत बसणार होते?

होल्गर बगळा. बेटांच्या बोटीवर तिकिटं तपासणारा बगळा, रांग थांबली की एक पाय वर घेणारा. ते माझे बाबा आहेत! बाबा तसेच उभे राहायचे, उजवा पाय उचलून, मान पुढे काढून, "चला मंडळी, समुद्र कुठे पळून जात नाही" म्हणत. नावसुद्धा त्यांचंच. त्यांना पुरल्यावर आठवडाभर मी दुसरं काही काढलंच नव्हतं. आता बाबा टीव्हीवर रोज संध्याकाळी येतात. दुधाच्या खोक्यावर येतात. आणि खाली अक्षरं : निर्मिती — प्रेबेन होल्क.

माझ्या टेबलावरचं मशीन मागितलं तर म्हणाला, "तेही कंपनीचं आहे."

बघून घेईन.

१० मार्च

इंगेलिसेकडे जेवायला. माझी मोठी बहीण. शाळेत मुलांना ओरडून ओरडून आवाज असा झालाय की बटाटे वाढतानासुद्धा वर्गात असल्यासारखी बोलते.

तिला सांगितलं — सिनेमा करतेय. छोटा, सात-आठ मिनिटांचा. सप्टेंबरात बंदरावर लघुपटांचा महोत्सव असतो, तिथे सगळं गाव येतं, प्रेबेन तर पहिल्या रांगेत बसतो. सिनेमात एक कोकीळ. गळ्यात मोहरीच्या रंगाचा मफलर. दुसऱ्याच्या घरट्यात शिरतो, गोड बोलतो, अंडी बाहेर ढकलतो.

"मफलर प्रेबेनचा," इंगेलिसे म्हणाली.

"मफलर कुणाचाही असू शकतो."

"गुनवोर! तुझं वय काय?"

"बाबांना दुधाच्या खोक्यावर बघून तुला काही होत नाही?"

तिने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी आता दुसऱ्या डेअरीचं घेते." आणि वर : "नाकही मोठं कर त्याचं."

नाक नाही, चोच. पण चालेल!

मशीनबद्दल तिचं मत : दोन्ही घे. बँक लुटून येऊ का? स्टुडिओतून काढताना प्रेबेनने जे हातावर ठेवलं त्यात एकच बसतं, तेही चांगल्यातलं. आणि साधं घेऊन उपयोग नाही. अंगावरचं एकेक पीस वाऱ्याने हललं पाहिजे. प्रेबेनला कळलं पाहिजे की त्याने कुणाला हाकललं.

११ मार्च

डेस्कटॉप. ठरलं.

१४ मार्च

नाही ठरलं!

आज कोकीळ काढायला बसले. कागदावर, पेन्सिलीने. चेहरा आला, मफलर आला, चालायला लावला — आणि कोणी दुसराच! प्रेबेन कसा चालतो? इतकी वर्षं शेजारी बसले आणि आठवत नाही. बसलेला प्रेबेन मला पाठ आहे. चालणारा नाही. डोक्यातून काढला तर नुसता दुष्ट पक्षी होतो, कुठल्याही पुस्तकातला. दुष्ट पक्षी नकोय मला. प्रेबेनच हवाय.

स्टुडिओच्या समोर, रस्त्यापलीकडे कॉफीचं दुकान आहे. मोठी खिडकी. तिथे बसलं तर गोदामाचं दार, जिना, सायकलींची जागा, सगळं समोर. तिथे बसून थेट स्क्रीनवर काढायचं. त्याने वर बघितलं की मी दिसणार! दिसू दे. रोज दिसू दे. काय करतेय ही, म्हणून झोप उडू दे.

डेस्कटॉप घेऊन कॉफी प्यायला जाता येत नाही.

१५ मार्च

घेतला लॅपटॉप. सगळ्यात वरचा. स्क्रीनवर पेनने काढता येतं, रंग असे की सेनाद स्वतः दोन मिनिटं गप्प बसला. पातळ, थंड, राखाडी. पाठीवरच्या पिशवीत घालून सायकलवरून आले तर वजन जाणवलं नाही.

सेनाद म्हणतो, "पिसांच्या वेळी माझ्याकडे रडत येशील."

"पिसांच्या वेळचं पिसांच्या वेळी."

१८ मार्च

पहिला दिवस. खिडकीतली जागा मिळाली. दालचिनीचा पाव, काळी कॉफी. साहेब साडेनवाला आले. मोहरीचा मफलर आहेच! सायकल नाही, चालत. मला बघितलं. थांबला. मी कप वर करून दाखवला. त्याने मान हलवली आणि आत गेला.

दिवसभर मजा वाटत राहिली. काम फारसं झालं नाही. पण मजा!

२७ मार्च

आता कळायला लागला. प्रेबेनची चाल म्हणजे : पावलं छोटी. घासत. उजवा हात अंगाला चिकटलेला, डावा मोकळा हलतो. पूर्वी असा चालायचा? बहुतेक पैसा आल्यावर अशी चाल येते. मोठ्या माणसाने हात कशाला हलवायचा! चेहरा मख्ख. स्टुडिओतली मुलं-मुली दारात काही बोलून हसतात, हा नुसता बघतो. पूर्वी सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा. आता मालक झालाय.

सगळं उतरवून घेतलं. उजव्या हाताचा उजवा पंख झाला. पहिल्यांदा कोकीळ चालला आणि मी कॉफीच्या दुकानात एकटीच मोठ्याने ओरडले, "सापडलास!" शेजारच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं.

४ एप्रिल

लॅपटॉप तापतो. नुसत्या रेघा काढेपर्यंत ठीक. पण आज कोकिळावर पिसं चढवली, वारा सोडला, आणि आतल्या पंख्याने असा टाहो फोडला की दुकानाची मालकीणबाई आली — "तुझं ते यंत्र फुटणार नाही ना? लोक विचारतायत." खालून इतकं गरम की मांडीवर धरवेना. तापलं की मशीन स्वतःच हळू होतं. चार पावलं चालायला अख्खी दुपार! मध्येच बॅटरी गेली. जवळच्या प्लगवर कुणाचा तरी मोबाइल.

मनगटही ठणकतंय. वाकून बसते ना.

सेनादला फोन केला. "रडतेयस?" म्हणाला.

"नाही."

"मग उद्या रडशील."

१२ एप्रिल

आला! आत आला! मी बसलेले असताना!

दारात आधी अडला. उंबऱ्याशी, पुढे नाही मागे नाही, बुटांकडे बघत. मागे एक बाई बाळाची गाडी घेऊन खोळंबली होती तरी हा हलेना. मला बघून पाय गळाले त्याचे, म्हटलं. काय समाधान झालं! मग एकदम चालू लागला आणि सरळ माझ्या टेबलाशी.

मी धाडकन झाकण खाली ओढलं. लॅपटॉपचा हा मोठा फायदा. डेस्कटॉप कशाने झाकला असता — टेबलक्लॉथने?

"गुनवोर. हात कसा आहे?"

"काम करतोय."

"रोज दिसतेस."

"खिडकी छान आहे."

पुढे काहीतरी बोलला, मला ऐकूच आलं नाही. हल्ली इतकं हळू बोलतो! मुद्दाम. म्हणजे समोरच्याने वाकायचं, कान द्यायचे. मी वाकले नाही. "काय?" म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो म्हणाला, "काही नाही. कॉफी घ्यायला आलो होतो." आणि कॉफी न घेताच गेला.

इंगेलिसेला सांगितलं. "माफी मागायला आला असेल," ती म्हणाली. माफी! त्याच्या नानाची टांग.

१३ एप्रिल

दारात अडणं घेतलं सिनेमात. झकास झालंय.

२९ एप्रिल

काहीतरी बिघडतंय.

आज जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर बाकावर एकटा बसला होता. डब्यात राय ब्रेड आणि लिव्हर पेस्ट, जुनाच डबा. कोटाचं बटण लावत होता. एकच बटण. लावतोय, सुटतंय, लावतोय. शेवटी सोडून दिलं आणि तसाच थंडीत बसून राहिला. कोपनहेगनवाल्यांपैकी एक पोरगेला माणूस जिन्यातून उतरला, याच्याकडे न बघता गाडीत बसला.

मी काढत होते. हात थांबत नाही ना माझा, जे दिसतं ते काढतो. संध्याकाळी चालवून बघितलं — बाकावर बसलेला, मफलरात चोच खुपसलेला कोकीळ. वाईट वाटलं मला. मला! त्याच्याबद्दल!

पुसून टाकलं.

३० एप्रिल

पुसलेलं परत आणलं. चांगलं काम पुसता येत नाही. पण सिनेमात घालणार नाही.

६ मे

इंगेलिसे आली. तिला आतापर्यंतचं सगळं दाखवलं, कच्चंच, पिसांशिवाय. मी वाट बघतेय, आता हसेल, मग हसेल. तिने डोळे पुसले.

"बिचारा गं," म्हणाली. "दमलेला वाटतो."

"तो चोर आहे!"

"असेल. पण तू दमलेला काढलायस."

मी लॅपटॉप बंद करून आत गेले. भांडी घासली. जी घासलेली होती तीसुद्धा.

खिडकीने घात केला. रोज रोज एखाद्याकडे बघत बसलं की असंच होणार. माणूस दिसायला लागतो. मला माणूस नको आहे, मला कोकीळ हवाय! चार महिने राहिलेत आणि माझा खलनायक लोकांना रडवणार. त्याच्या टीव्हीवर बाबांना बघून हसायचं आणि माझ्या सिनेमात त्याच्यासाठी रडायचं — वा!

८ मे

सेनादकडे गेले, लॅपटॉप टेबलावर ठेवला. "परत घे. डेस्कटॉप दे."

परत करायची मुदत कधीच उलटलीये, वर किबोर्डला कॉफीचा वास. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वास घेतला. पण घेतला. किमतीतून बरेच पैसे कापून. वरचे पैसे इंगेलिसेने दिले. न बोलता दिले, म्हणजे पुढे दहा वर्षं बोलणार.

"मी काय म्हटलं होतं?" सेनाद. "पिसं म्हणजे डेस्कटॉप."

पिसांसाठी नाहीच घेत मी. पण त्याला काय सांगू?

"निळे दिवे नकोत," म्हटलं. "काच नको. काळी पेटी दे. आणि प्रेबेनने नेलं त्याच्या वरचं."

"त्याच्या वरचं मागवावं लागेल."

"मागव."

१७ मे

धूड आलं! सेनाद आणि त्याचा मेहुणा, दोघांनी जिन्यात तीनदा टेकवत आणलं. वर येईपर्यंत मला सेनादच्या बोस्नियातल्या सगळ्या शिव्या पाठ झाल्या. वाटेत सेनादने सांगितलं, प्रेबेनच्या मशीनचं बिल आता तो कोपनहेगनला पाठवतो. प्रेबेनची सही चालत नाही. मी ऐकून घेतलं. विचारलं नाही काही.

टेबल ओढून भिंतीकडे तोंड करून लावलं. पाठ खिडकीकडे. मोठा स्क्रीन डोळ्यांसमोर, हात सपाट टेबलावर, डॉक्टरीणबाई खूश होतील. पेटी टेबलाखाली, पायाला गरम लागते. मांजर असल्यासारखी घुरघुरते फक्त.

आता कुठे जायचं नाही. कुणाला बघायचं नाही. हवं तेवढं बघून झालंय.

१८ मे

लॅपटॉपला ज्या चार पावलांसाठी अख्खी दुपार लागायची, ती मी कॉफी ओतून येईपर्यंत तयार! मान वळवली की गळ्यावरची पिसं आधी विस्कटतात, मग बसतात. मी उठून उभी राहिले. बाबा असते तर एक पाय वर घेतला असता.

लॅपटॉप बघायला चांगला. करायला हेच.

२६ मे

सापडलं!! पंखाचं सापडलं!

उजवा पंख अंगाला का चिकटलेला — कारण त्याच्याखाली अंडं आहे! चोरलेलं! म्हणून हलवत नाही. म्हणून पावलं छोटी, पडेल ना. म्हणून दारात अडतो, हात मोकळा नाही आणि दार तर उघडायचंय. म्हणून चेहरा मख्ख — चोराला हसून कसं चालेल? म्हणून हळू बोलतो. सगळं एका जागी बसलं. जे जे बघून वाईट वाटत होतं त्या सगळ्याचं आता हसू येतं. काहीच बदललं नाही. फक्त काखेत एक अंडं दिलं त्याला.

दिवसभर एकटी हसतेय.

बाकावरचा प्रसंगही आत. बटण लावायला जातो आणि अंडं घसरतं!

३० जून

गावात सगळे समुद्रावर. माझ्या खिडकीला पडदा. कोकीळ चालतोय.

२१ जुलै

दुकानात जाताना बसवरच्या जाहिरातीत बाबा दिसले. एक पाय वर. बस गेली. घरी येऊन कोकिळाची चोच अजून थोडी उघडी केली.

१६ ऑगस्ट

पाठवला. सात मिनिटं. शेवटी पाटी : लेखन, चित्रं, अ‍ॅनिमेशन — गुनवोर स्कोरुप. कंपनी नाही. कुणाची सही नाही.

इंगेलिसेने पूर्ण झालेला बघितला. इतकी हसली की ठसका लागला. मग थांबून म्हणाली, "मेचा जास्त चांगला होता."

तिला चित्रातलं काय कळतं!

२ सप्टेंबर

निवड झाली! एकवीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांत शेवटी. सेनादला सांगितलं, म्हणजे आता गावाला कळलं.

२१ सप्टेंबर

झालं. नीट लिहिते.

जुनं बोटदुरुस्तीचं गोदाम, खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून. प्रेबेन पहिल्या रांगेत, शेजारी त्याची बायको व्हिबेके. व्हिबेके नर्सरीत फुलझाडं विकते, मला कधी वाईट बोललेली नाही. मी मागे उभी. 

कोकीळ आला. मफलर दिसला आणि पहिलं हसू फुटलं. चालायला लागला आणि — गोदाम दणाणलं! ओळखलं! पहिल्याच चार पावलांत ओळखलं सगळ्यांनी. कुणीतरी मोठ्याने "अरे देवा" म्हटलं. दारात अडला तेव्हा लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. बटण लावताना अंडं घसरलं, त्याने पंख आवळला, पुन्हा घसरलं... माझ्या पुढची बाई रडेपर्यंत हसत होती. सेनाद शिट्टी वाजवत होता, गाढव.

मी पडद्याकडे बघतच नव्हते. त्याच्याकडे बघत होते. काही नाही! चेहऱ्यावर रेघ हलली नाही. व्हिबेकेही हसत नव्हती. आधी पडद्याकडे, मग नवऱ्याकडे, मग परत पडद्याकडे. तिच्यासमोर व्हावं असं मला वाटलं नव्हतं. पण झालं तर झालं.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. मला पुढे बोलावलं, बक्षीस दिलं — काचेचा मासा. प्रेबेन उठला, निघाला. उजवा हात अंगाशी. दारापर्यंत गेला आणि अडला. उंबऱ्यावर. मागचे सगळे खोळंबले. आणि कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळ्या दाराशी हसूच हसू, कारण आत्ताच पडद्यावर हेच तर बघितलं होतं!

मीही हसले. काचेचा मासा हातात धरून.

२२ सप्टेंबर

पेपरात फोटो. माझा, माशासकट. इंगेलिसेने चार प्रती घेतल्या.

छान वाटतंय. छानच वाटतंय. बगळ्यासाठी वकिलाकडे जायचंही ठरवलं — आता गाव माझ्या बाजूने आहे.

९ ऑक्टोबर

सेनाद सांगत होता, प्रेबेन महोत्सवापासून स्टुडिओत आलेला नाही. तोंड दाखवायला जागा नाही राहिली, म्हणाला. मी सेनादला केक खाऊ घातला.

१४ नोव्हेंबर

प्रेबेनचा फोन. आवाज इतका हळू की या वेळी मी कान दिला.

त्या रात्री घरी जाताना व्हिबेके त्याच्या मागून चालत होती. घरी पोचल्यावर तिने त्याला बोळातून चारदा चालायला लावलं. मग डॉक्टर, मग ओडेन्सचं मोठं हॉस्पिटल. कंपवात आहे, पार्किन्सन. हात थरथरत नव्हता म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही, त्याच्याही नाही. "बायको रोज बघते, मी रोज आरशात बघतो," म्हणाला. "दिसलं फक्त तुला. लवकर कळलं हे बरं झालं म्हणतात. आभार मानायला फोन केला."

माझे आभार! मी "बरं" म्हटलं.  त्यानेच फोन ठेवला.

एवढा एक राग होता जो फक्त माझ्या मालकीचा होता. तोही घेऊन गेला.